संस्कार साऱ्या धर्मग्रामाचा : पुण्यातील धर्मगुरूंना आणि धर्मग्राम मंडळांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील कॅथलिक धर्मग्रामांचे प्रमुख धर्मगुरू आणि धर्मग्राम मंडळांचे सदस्य

आदरणीय फादर आणि सन्माननीय सदस्य,



कॅथलिक धर्मसभा सात संस्कार मानते : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. संस्कार घेणारी व्यक्ती एक असते, पण तो सोहळा साऱ्या धर्मसभेचा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात हे स्पष्ट आहे. उपासनाविधी ही खासगी कृती नव्हे, आणि जिथे शक्य असेल तिथे लोकांच्या उपस्थितीने व सहभागाने होणारा विधी एकांतातल्या विधीहून श्रेयस्कर, असे परिषदेने सांगितले. पुण्याच्या धर्मग्रामांत मात्र संस्कार हा कुटुंबाचा समारंभ होत चालला आहे. त्याची तारीख हॉल मिळण्यावर ठरते, थाट ऐपतीवर ठरतो आणि भाषा ज्यांना मंडळात बोलता येते त्यांच्या सोयीने ठरते. या पत्रातली सारी गाऱ्हाणी या एकाच कारणापाशी येऊन मिळतात.

पुण्यातला कॅथलिक समाज पहिल्यापासून बाहेरून येऊन वसलेल्यांचा आहे. नाना पेठेतल्या क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची सुरुवात सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर झाली, ती त्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या कॅथलिक शिपाई-अधिकाऱ्यांसाठी. सेंट पॅट्रिक्सचे मंदिर १८५० च्या सुमारास छावणीतल्या आयरिश सैनिकांसाठी उभे राहिले. १८८६ साली पुणे धर्मप्रांत झाला. रेल्वे, छावणी, शाळा आणि पुढे कारखाने यांच्यामागून तमिळ, मंगळुरी, मल्याळी कुटुंबे आली. मराठी कॅथलिकांचा मोठा ओघ आला तो नगर जिल्ह्यातून. केंदळ, वळण, संगमनेर या भागात जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू केले. तिथे ज्या दलित वस्त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्यांची मुले-नातवंडे दुष्काळाने आणि रोजगाराच्या ओढीने येरवडा, घोरपडी, वडगाव शेरी, पिंपरी-चिंचवड इथे येऊन राहिली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या प्रवर्गाच्या सवलती मिळत नाहीत. शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. धर्मग्रामातल्या कोणत्याही खर्चाचा विचार करताना ही वस्तुस्थिती मंडळांसमोर असायला हवी.

शहरातल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेला कल्याणचा महाधर्मप्रांत आहे, सिरो-मलंकार कॅथलिकांसाठी खडकीचा सेंट एफ्रेम धर्मप्रांत आहे. त्यांच्या विधींची आणि भाषेची काळजी त्या रचनेतच घेतली जाते. तमिळ आणि कोकणी भाषकांचे गट संघटित असल्याने आपली मिस्सा मागून घेतात. मराठी माणूस इथलाच, म्हणून तो सांभाळून घेईल, असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्राच्या या शहरात मराठी मिस्सा गैरसोयीच्या वेळी, बाजूच्या सभागृहात किंवा महिन्यातून एखाद्या रविवारी ठेवली जाते तेव्हा ज्यांचे घर इथे आहे त्यांनाच पाहुण्यासारखे उभे राहावे लागते.

स्नानसंस्कारापासून सुरुवात करणे योग्य, कारण बाकीचे सहाही त्याच्यावर उभे आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बाळाचा स्नानसंस्कार पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, शक्यतो रविवारी किंवा पुनरुत्थानाच्या जागरविधीत व्हावा आणि साधारणपणे आईवडिलांच्या धर्मग्रामात व्हावा. त्यासाठी अटी दोनच. आईवडिलांपैकी निदान एकाची संमती असावी, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा असावी. आशा अगदीच नसेल तर संस्कार पुढे ढकलता येतो, पण त्याचे कारण आईवडिलांना सांगावे लागते. वार्षिक वर्गणी थकली आहे, कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते म्हणून नाव नोंदलेले नाही, आईवडिलांचे लग्न चर्चमध्ये झालेले नाही, यांपैकी एकही गोष्ट संहितेतल्या या अटींत नाही. तरीही अशा कारणांसाठी कुटुंबांना कार्यालयातून परत पाठवले जाते. त्यातले एखादे कुटुंब पुन्हा येतच नाही. मुलाच्या वाट्याला येणारी ही तूट पुढे कोणत्याही उपक्रमाने भरून निघत नाही.

धर्मपिता आणि धर्ममाता यांच्याबाबतही नियमापेक्षा जास्त कडकपणा होतो. संहिता एकच धर्मपालक पुरेसा मानते. तो साधारणपणे १६ वर्षे पूर्ण केलेला, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घेतलेला कॅथलिक असावा. नगरकडच्या अनेक घराण्यांत एक शाखा कॅथलिक आणि दुसरी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली प्रॉटेस्टंट असते. मामा किंवा आत्या दुसऱ्या मंडळीत असली म्हणून तिला विधीपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. कॅथलिक धर्मपालकासोबत साक्षीदार म्हणून तिला उभे राहता येते, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. ही गोष्ट कुटुंबांना सांगितली, तर बारशाच्या आनंदात पडणारे कितीतरी रुसवे टळतील.

रविवारी दुपारी, मिस्सा आटोपून मंदिर रिकामे झाल्यावर, चार-पाच कुटुंबे बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवती जमतात आणि अर्ध्या तासात विधी उरकतो. धर्मग्रामाला नवा सदस्य मिळाला आणि तो कोण हे धर्मग्रामाला कळतही नाही. महिन्यातून एका रविवारी हा संस्कार मुख्य मिस्सेत व्हावा, आळीपाळीने मराठी आणि इंग्रजी मिस्सेत व्हावा, ही पहिली विनंती. मिस्सा पंधरा मिनिटांनी लांबेल. तेवढा वेळ लोक देतील.

दाखल्यांचा प्रश्न याला लागूनच येतो. दृढीकरण आणि विवाह यांची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये करायची असते, म्हणून लग्नाआधी ताज्या तारखेचा दाखला मागितला जातो. मागणी रास्त आहे, पण तो आणायचा कोणी? बांधकामावर किंवा धुणीभांडी करून रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला श्रीरामपूर किंवा राहुरी तालुक्यातल्या धर्मग्रामात जाऊन यायचे म्हणजे एसटीचे भाडे, एक-दोन दिवसांची मजुरी, आणि फादर दौऱ्यावर असतील तर पुन्हा एक खेप. तो भाग १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात गेला असल्याने पुण्याच्या कार्यालयाशी त्याचा रोजचा संबंधही उरलेला नाही. दोन धर्मग्रामांच्या कार्यालयांनी आपसात फोन, पत्र किंवा ईमेलने दाखला मागवावा आणि पाठवावा. माणसाची खेप वाचवणे हे कार्यालयाचे काम आहे. जुन्या रजिस्टरांत नावे आणि आडनावे वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली सापडतात. तेवढ्यावरून कोणाचे लग्न अडवू नये, एका प्रतिज्ञापत्राने आणि दोन जाणत्यांच्या साक्षीने ते मार्गी लागते.

दृढीकरणाविषयी सांगण्यासारखे थोडेच. लॅटिन परंपरेत हा संस्कार सहसा बिशपांच्या हस्ते होतो, पूर्वेकडच्या परंपरांत स्नानसंस्काराबरोबरच दिला जातो. सिरो-मलंकार किंवा सिरो-मलबार कुटुंबातले मूल लॅटिन धर्मग्रामाच्या रविवारच्या वर्गात आले, तर त्याचे दृढीकरण आधीच झालेले असू शकते, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असावे. हा संस्कार पुन्हा देता येत नाही.

ख्रिस्तप्रसादाबाबत मात्र अधिक बोलायला हवे. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय साधारण सात वर्षांवर आणले, ते मुलांना येशूजवळ लवकर जाता यावे म्हणून. तयारीसाठी त्यांनी मुलाच्या समजुतीपुरते ज्ञान पुरेसे मानले. आज त्या दिवसाभोवती जे उभे राहिले आहे ते त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. शिवून घेतलेला झालरीचा फ्रॉक, सूट-टाय, फोटोग्राफर, केक, हॉल आणि दोनशे पाहुणे. पगारदार घराला हे झेपते, रिक्षा चालवणाऱ्याला झेपत नाही, आणि दोघांची मुले एकाच बाकावर बसतात. काही आईवडील कर्ज काढतात, तर काही मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद वर्षभर पुढे ढकलतात. हे थांबवणे धर्मगुरूंच्या हातात आहे. धर्मग्रामाने सगळ्या मुलांसाठी एकसारखे साधे पांढरे झगे शिवून ठेवावेत, दर वर्षी तेच धुऊन वापरावेत, आणि मिस्सेनंतर अंगणात सर्वांची एकत्र न्याहारी व्हावी. त्या सकाळी तरी कोणत्याही मुलाला आपण कोणत्या घरातून आलो हे कपड्यांवरून कळू नये.

त्याच मुलांच्या धर्मशिक्षणाची भाषा हा त्याहून गंभीर विषय. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकणारे मूल रविवारी इंग्रजी प्रश्नोत्तरे पाठ करते. उत्तर बरोबर येते, पण त्याचा अर्थ घरी विचारायची सोय नसते, कारण आजीला 'हे आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना मराठीत येते. नगरच्या खेड्यांत फादर महिन्यातून एकदा येत, तेव्हा मधल्या काळात प्रार्थना शिकवणारे, आजाऱ्याजवळ बसणारे, मर्तिकाला उभे राहणारे 'मास्तर' म्हणजे धर्मशिक्षक असत. श्रद्धा टिकली ती त्यांच्यामुळे, आणि त्यांच्या मराठीमुळे. शहरात आल्यावर हा माणूस नाहीसा झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही. प्रत्येक धर्मग्रामात मराठी धर्मशिक्षणाचा निदान एक वर्ग असावा आणि त्याच्या शिक्षकांना इतरांसारखेच प्रशिक्षण मिळावे.

मराठीत साहित्य नाही, ही सबब टिकणारी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले, आणि त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. 'निरोप्या' मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले. तेच पुढे पुण्याचे बिशप झाले. ते मासिक आज पुण्याच्या शनिवार पेठेतल्या स्नेहसदनातून निघते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे बिशप असलेल्या थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर आहे. उपासनेत भारतीय रीती आणण्यासाठी रोमने १९६९ मध्येच बारा गोष्टींना मान्यता दिली. त्यांत हात जोडून अभिवादन, समई, आरती, अंगवस्त्र, जमिनीवर बसणे हे सारे आले. भांडार भरलेले असताना रविवारच्या मिस्सेत घाईघाईने केलेले, जिभेला न वळणारे भाषांतर वाचले जाते, याचे दुःख होते. पेटी आणि ढोलकीवर भजन म्हणणारी मंडळी वस्त्यांत आहेत. त्यांना केवळ सणाच्या सांस्कृतिक कार्यक्रमापुरते बोलावू नये, मिस्सेतच त्यांना जागा द्यावी.

गुरुदीक्षेचा इथे एवढाच संबंध. १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली, आणि तेव्हापासून देशभरातले भावी धर्मगुरू नगर रस्त्यावर शिकून बाहेर पडतात. पुण्याच्या धर्मग्रामांत ज्यांची नेमणूक होते, त्या प्रत्येक धर्मगुरूने पहिल्या वर्षात मराठी शिकून घ्यावी. पापनिवेदनाला आलेल्या म्हातारीचे बोलणे दुभाष्यामार्फत ऐकता येत नाही.

विवाहात पुण्याचे वास्तव आणखी गुंतागुंतीचे आहे. मिश्र विवाह इथे नित्याचे झाले आहेत. दुसरा पक्ष बाप्तिस्मा घेतलेला पण अन्य मंडळीचा असेल तर परवानगी लागते, हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम असेल तर अडथळ्यापासून सूट लागते. दोन्ही देणे बिशपांच्या अधिकारात आहे. प्रक्रिया काय, कागद कोणते, साधारण किती दिवस लागतात हे एका मराठी पत्रकावर छापून कार्यालयाबाहेर लावले तर निम्मी धावपळ वाचेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या घरच्या लोकांशी बोलणे. मुलाकडचे वऱ्हाड सातारा, बारामतीहून येते. मंदिरात बसते, उठते, पण काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. विधीची मराठी पुस्तिका हातात द्यावी, प्रवचनातली चार वाक्ये त्यांच्यासाठी असावीत. हळद, मंगळसूत्र, नवरीची पांढरी साडी या मराठी ख्रिस्ती घरांच्या रूढींना धर्मगुरूंनी मनापासून मान द्यावा. फुलांची सजावट, गायकवृंद, ऑर्गन यांचा खर्चही आटोक्यात आणता येतो. एकाच शनिवारी दोन-तीन लग्ने असतील तर सजावट सामाईक ठेवावी.

संस्कारांच्या निमित्ताने घेतल्या जाणाऱ्या पैशांबद्दल संहितेचा नियम निःसंदिग्ध आहे : अधिकृतपणे ठरवलेल्या दानापलीकडे धर्मसेवकाने काही मागू नये, आणि गरिबीमुळे कोणी संस्कारापासून वंचित राहणार नाही याची सतत काळजी घ्यावी. ठरलेली रक्कम फलकावर लिहावी, आणि तिच्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत 'ज्यांना शक्य नाही त्यांनी देऊ नये' असेही लिहावे.

रुग्णाभ्यंगाबाबत दोष दोन्ही बाजूंचा आहे. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, गंभीर आजार किंवा वार्धक्य यांनी धोका सुरू होताच तो घेता येतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले. तरीही घरचे लोक अतिदक्षता विभागातून, शुद्ध हरपल्यावर फादरांना फोन करतात, कारण 'फादर आले म्हणजे संपले' ही भीती आहे. ती घालवायची तर संस्कार उघड्यावर, सर्वांदेखत व्हायला हवा. ११ फेब्रुवारी हा दिवस १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात प्रत्येक धर्मग्रामाने आजारी आणि वृद्धांना वाहनाने आणून सामुदायिक अभ्यंग करावा. लिफ्ट नसलेल्या इमारतींत अडकलेल्यांकडे दर रविवारी ख्रिस्तप्रसाद पोहोचवण्याची यादी विभागवार करावी. रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक धर्मगुरू शहरात आळीपाळीने असावा आणि तो क्रमांक सर्व धर्मग्रामांत लावावा.

मर्तिकाविषयी थोडक्यात. दफनाला प्राधान्य असले तरी दहनाला १९६३ पासून मुभा आहे. अस्थी मात्र पवित्र स्थळी ठेवाव्यात, घरी ठेवू नयेत किंवा विखरू नयेत, असे रोमच्या २०१६ च्या सूचनेत आहे. कुटुंबांना हे दुःखाच्या घडीला पहिल्यांदा कळते, ते आधी कधीतरी प्रवचनात सांगितलेले असावे.

आता सण. पुण्याच्या धर्मग्रामांचे संरक्षक-सण वर्षभर विखुरले आहेत : सेंट पॅट्रिक्सचा १७ मार्च ऐन उपवासकाळात, खडकीच्या सेंट इग्नेशियसचा ३१ जुलै पावसात, सेंट झेवियर्सचा ३ डिसेंबर आणि सिटी चर्चच्या निष्कलंक मातेचा ८ डिसेंबर आगमनकाळात, नाताळच्या तोंडावर. १५ ऑगस्टला मरियेचे स्वर्गोन्नयन आणि स्वातंत्र्यदिन एकत्र येतात. अशा सणाचा गाभा म्हणजे नऊ दिवसांची नोव्हेना, सणाची मिस्सा आणि मिरवणूक. खाद्यपदार्थांचे स्टॉल, हाउसी, सोडत, नाच-गाणी यांनाही जागा आहे, पण तिकीट लावलेल्या जेवणाने धर्मग्रामाचे दोन भाग पडतात, आत बसणारे आणि फाटकाबाहेरून पाहणारे. नोव्हेनेचा एकेक दिवस एकेका भाषेला आणि विभागाला द्यावा, सणाच्या दिवशी एक साधे जेवण सर्वांना विनामूल्य असावे, आणि जमाखर्च पंधरा दिवसांत फलकावर लागावा. नाताळात गोवेकरांच्या नेवऱ्यांशेजारी नगरकडच्या घरांतल्या करंज्या-चकल्यांचे ताट आले की धर्मग्राम खरोखर एकत्र जेवतो.

मराठी कॅथलिकांना उत्सव शिकवावा लागत नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउली यात्रा १९४९ पासून सप्टेंबरात भरते. पुण्यातूनही कुटुंबे तिथे जातात, गाणी म्हणतात, नवस फेडतात, उघड्यावर मुक्काम करतात. तीच माणसे पुण्यातल्या आपल्या धर्मग्रामाच्या सणात मागच्या रांगेत का उभी राहतात, याचा विचार मंडळांनी करावा.

मंडळांविषयी शेवटचे. संहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थमंडळ असणे बंधनकारक आहे, तर धर्मग्राम मंडळ बिशपांनी ठरवल्यास स्थापन होते आणि त्याचा अधिकार सल्ल्यापुरता असतो. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने अशी सहभागाची मंडळे बंधनकारक करावीत असा आग्रह धरला. पण बैठक इंग्रजीत, इतिवृत्त इंग्रजीत आणि सदस्य ओळखीतले, असे असेल तर मंडळ असूनही येरवड्याच्या वस्तीतल्या बाईचे म्हणणे तिथे पोहोचत नाही. प्रत्येक विभागातून निदान एक मराठी भाषक सदस्य असावा, त्यांत स्त्रिया असाव्यात, आणि इतिवृत्त मराठीतही लावले जावे.

या पत्रातल्या मागण्यांसाठी रोमच्या परवानगीची गरज नाही. बहुतेक गोष्टी धर्मसंहितेत आधीच लिहिलेल्या आहेत, उरलेल्या एका बैठकीत ठरू शकतात. प्रत्येक मंडळाने आपल्या पुढच्या बैठकीत हे पत्र मराठीतून वाचावे, काय मान्य आणि काय अमान्य ते कारणांसह ठरवावे आणि तो निर्णय रविवारच्या सर्व मिस्सांत वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
पुणे धर्मप्रांतातील एक धर्मग्रामवासी